बोलत्या इंग्रजीची सुरावली : प्रस्तावना

आमच्या कोल्हापुरात घरी आलेल्या पाहुण्यास 'बसा' म्हटले तर ते नुसते सांगणे होते, आणि 'बसा की' म्हटले तर तो आग्रह होतो. त्या एवढ्याशा 'की'मध्ये आर्जव असते, आपलेपणा असतो, 'एवढी घाई कसली' असा लटका रागही असतो, आणि हे सारे उलगडून लिहावयाचे ठरविल्यास कोशकाराला अर्धे पान खर्ची घालावे लागेल. इंग्रज गृहस्थाला हाच आग्रह करावयाचा असेल तेव्हा त्याच्यापाशी 'की' नसतो. तो 'सिट डाउन' हे दोनच शब्द उच्चारतो. मात्र 'डाउन'वर आवाज खाली सोडून देण्याऐवजी तो त्यास तळाशी नेऊन तेथून किंचित वर उचलतो, आणि तेवढ्याने हुकमाचे निमंत्रण होते. उलट आमचा पदवीधर, ज्याचे व्याकरण निर्दोष आणि शब्दसंग्रह कोणासही हेवा वाटावा असा असतो, तो 'प्लीज सिट डाउन' असे तीन शब्द वापरूनही ऐकणाऱ्यास फर्मान सोडल्यासारखा वाटतो, कारण 'प्लीज' या शब्दाने जे द्यावयाचे ते त्याच्या उतरत्या सुराने परत काढून घेतलेले असते. मराठी ज्या गोष्टी अव्ययांवर सोपविते त्यांपैकी पुष्कळशा इंग्रजी आवाजाच्या चढउतारावर सोपविते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन असून, इंग्रजीची सुरावली ही उच्चाराची सजावट नव्हे, ती त्या भाषेच्या अर्थव्यवहाराचा भाग आहे, हे मराठी वाचकाला त्याच्याच भाषेतून दाखवून द्यावे एवढ्यासाठी ते लिहिले गेले आहे.

प्रथम विषयाची चतुःसीमा सांगितली पाहिजे. कंठातील स्वरतंतू एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावतात त्यावर आवाजाची उंची अवलंबून असते; प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही संख्या सुमारे १०० ते १२०, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे २०० असते. या उंचीला आम्ही 'सूर' म्हटले आहे आणि वाक्यभर होणाऱ्या तिच्या चढउताराच्या आकृतीला 'सुरावली'. एखादे अक्षर इतरांहून ठाशीव करणे तो 'आघात'. त्यात सुराबरोबर काळ आणि जोर यांचाही वाटा असतो. ज्या नगरीत अल्लादिया खाँसाहेब दरबार गवई होते आणि जेथे केशवराव भोसले यांच्यासारखा नट घडला, तेथील वाचकाला सूर म्हणजे काय हे शिकविण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु त्या वाचकाने एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. गाण्यातला षड्ज एकदा लावला की स्थिर राहतो, बोलण्यातला सूर स्थिर नसतो. वाक्य पुढे सरकते तसतसा तो आपोआप खाली घसरत जातो, आणि ऐकणारा माणूस निरपेक्ष उंची मोजीत न बसता मागच्यापुढच्या अक्षरांच्या तुलनेने चढ कोणता व उतार कोणता हे ठरवितो. म्हणून जाड्या आवाजाचा आजोबा आणि किनऱ्या आवाजाची नात एकच सुरावली उच्चारू शकतात.

मराठीला सुरावली नाही असे मात्र कोणी समजू नये. 'आलास' हा शब्द उच्चारून पाहावा. तो निवेदन आहे की प्रश्न, हे केवळ आवाजावरून कळते. तथापि आमच्या भाषेची रीत अशी की, शक्य तेथे तिला अर्थाची नोंद शब्दानेच दप्तरी करून हवी असते. 'मीच पैसे दिले', 'मी पैसे दिलेच', 'मीही पैसे दिले', 'मी तर पैसे दिले', 'मी पैसे दिले ना' ही वाक्ये कागदावर वाचली तरी बोलणाऱ्याचा रोख लपत नाही, आणि त्यातून काही राहिलेच तर शब्दांचा क्रम बदलून ती उणीव भरून काढता येते. इंग्रजीत शब्दांचा क्रम बराचसा बांधलेला आणि अशी अव्यये थोडी. त्यामुळे 'आय गेव्ह हिम द मनी' हे एकच वाक्य 'आय'वर, 'गेव्ह'वर, 'हिम'वर अथवा 'मनी'वर प्रमुख आघात ठेवून चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देते. याहूनही नाजूक प्रकरण 'आय डोन्ट लेंड माय बुक्स टु एनीबडी' या वाक्याचे आहे. शेवटी सूर सरळ खाली गेला तर वक्ता कोणालाच पुस्तके देत नाही. खाली जाऊन पुन्हा वर आला तर तो देतो, परंतु कोणाही सोम्यागोम्याला देत नाही. पुस्तक मागावयास गेलेल्या इसमाने यांपैकी काय ऐकले यावर त्याने थांबावे की परतावे हे ठरते, आणि छापील पानावर दोहोंत काडीचाही फरक नसतो.

आता इंग्रजी आमच्याकडे आली ती बहुतांशी छापील पानावरूनच. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा मराठीत आणली, आणि स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही सारी मंडळी आमच्या गद्यात कायमची वस्तीस आली. ज्या आवाजाची ती ओबडधोबड खूण होती तो आवाज मात्र त्यांच्याबरोबर आला नाही. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, आणि इंग्रजी येणे म्हणजे मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजी वाक्याचे मराठी बिनचूक करता येणे, असा दंडक पडला. कोल्हापुरात १८८० साली राजाराम कॉलेज सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तेथील विद्यार्थी होते आणि त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाचा पुढे कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात केवढा दबदबा झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु अशा एखाददुसऱ्या असामान्य माणसाच्या दाखल्यावरून सर्वसाधारण विद्यार्थ्याची स्थिती ठरविता येत नाही. सर्वसाधारण विद्यार्थी इंग्रजी डोळ्यांनी शिकला, डोळ्यांनीच तपासला गेला आणि डोळ्यांनीच उत्तीर्ण झाला. विलक्षण गोष्ट अशी की, हाच विद्यार्थी संध्याकाळी पॅलेस थिएटरात जाऊन बसला की नटाच्या एका स्वरावरून तो नायक आहे की कपटी कारभारी हे ओळखीत असे; आणि ज्या शहरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढून १९३२ साली मराठी चित्रपटास वाचा दिली, त्या शहरातल्या माणसाचे कान मंद आहेत असे म्हणण्याची सोय नाही. दोष कानांचा नव्हता, ते कान इंग्रजीच्या वर्गात कोणी मागितलेच नाहीत.

या शास्त्राचा इतिहास युरोपियन ग्रंथकार अठराव्या शतकापासून सांगतात. आपल्याकडे उदात्त, अनुदात्त आणि स्वरित ही व्यवस्था पाणिनीच्या फार पूर्वीपासून वैदिक पठणात नांदत होती. पण ती मुख्यतः शब्दागणिक ठरलेल्या स्वराची व्यवस्था आहे, वाक्याच्या सुरावलीची नव्हे. वाक्याच्या सुरावलीच्या अधिक निकट जाणारा भाग अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात आहे, जेथे दुरून हाक मारताना किंवा अभिवादनाला उत्तर देताना वाक्याचा अखेरचा स्वर प्लुत आणि उदात्त कसा होतो हे पाणिनीने नोंदविले आहे. शेताच्या बांधावरून 'अगं ए' अशी हाक घालणाऱ्याचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला या नियमासाठी भाष्य लागणार नाही. तरीही या अभिमानास्पद वारशाचा इंग्रजी शिकताना काही प्रत्यक्ष उपयोग होतो असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणण्याची आपल्याकडे जी खोड आहे ती या विषयात तरी नडते.

इंग्लंडात १७७५ साली जोशुआ स्टील याने बोलण्याचा सूर संगीताच्या रेघांवर उतरवून पाहिला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जॉन वॉकर या नटाने, जो पुढे वक्तृत्वशिक्षक व कोशकार झाला, चढता सूर व उतरता सूर या दोन खुणांवर आपली पद्धती उभारली. स्टीलची दृष्टी सूक्ष्म होती, वॉकरची वर्गात चालणारी. आणि शास्त्र सूक्ष्म करावे की शिकविण्याजोगे करावे हा तंटा तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री स्वीट याने स्वनशास्त्रास पक्का पाया दिला. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील प्राध्यापकावर त्याची छाया आहे असे मानतात, आणि पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे तो प्राध्यापक मराठी प्रेक्षकासही परका राहिलेला नाही. १९०९ साली डॅनियल जोन्सने ध्वनिमुद्रिका ऐकून सुरांच्या रेषा काढल्या. हॅरल्ड पामर याने १९२२ साली केलेले काम मात्र खरे टिकाऊ ठरले: वाक्यखंडात एक अक्षर केंद्रस्थानी असते, सुराची महत्त्वाची हालचाल तेथे होते, त्याच्या आधीचा भाग शीर्ष आणि नंतरचा पुच्छ, ही मांडणी मूळची त्याची. चार वर्षांनी लिलियस आर्मस्ट्राँग आणि आयडा वॉर्ड या दोन विदुषींनी सारा पसारा दोन चालींत बसविला, एक उतरत्या शेवटाची व दुसरी चढत्या शेवटाची, आणि जगभरच्या शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो फार काळ टिकला नाही. ओकॉनर आणि आर्नल्ड यांचा ग्रंथ १९६१ साली निघाला, आणि १९७३ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत दहा सुरावली, प्रत्येकीला स्वतंत्र नाव, आणि कोणती सुरावली वापरली असता वक्ता थंड, उत्सुक, चकित, तुटक अथवा समजूतदार वाटतो याची तपशीलवार यादी आहे. या ग्रंथाइतके कसोशीचे पाठ दुसऱ्या कोणीही दिले नाहीत हे मान्य करूनही आमचा त्यावर आक्षेप आहे. भावनांची ही जंत्री पाठ केलेला परकी विद्यार्थी प्रत्येक वाक्यापूर्वी आपण थंड व्हावे की चकित व्हावे याचा विचार करू लागतो आणि वाक्य निघून जाते. शिवाय तोच सूर एका प्रसंगी आदर दाखवितो व दुसऱ्या प्रसंगी उपरोध. 'थँक यू' चढत्या सुरात म्हटले तर ते दुकानदाराचे रोजचे पावतीवजा आभार, उतरत्या सुरात म्हटले तर मनापासूनची कृतज्ञता, असे साधारणतः म्हणता येते, पण यातील 'साधारणतः' हा शब्द जंत्रीत मावत नाही.

अमेरिकेतील मंडळींनी वेगळी वाट धरली. केनेथ पाइकने १९४५ साली सुराच्या चार पायऱ्या मानल्या आणि सर्वांत वरच्या पायरीस १ हा आकडा दिला. पुढे ट्रेगर व स्मिथ यांनी चार पायऱ्या कायम ठेवून आकडे उलटे केले, त्यामुळे दोन्ही पुस्तके शेजारी उघडून बसणाऱ्या विद्यार्थ्याला चढ कोठे आणि उतार कोठे याचा उलगडा होईना. ड्वाइट बोलिंजर या मोठ्या मार्मिक अभ्यासकाने पायऱ्यांची कल्पनाच नाकारली आणि सुराच्या आकृतीकडे पाहा, असे सांगितले. हा वाद १९८० साली जॅनेट पियरहंबर्ट हिच्या प्रबंधाने बऱ्याच अंशी निवळला: उच्च आणि नीच अशी दोनच स्थाने मानावीत, ती ठराविक अक्षरांशी व वाक्यखंडाच्या टोकांशी बांधावीत, आणि मधला प्रवास आवाज आपोआप करतो असे समजावे. यंत्रांना बोलावयास शिकविणाऱ्या शास्त्रज्ञांनीही याच घराण्यातील परिभाषा वापरली.

मराठी शिक्षकाला मात्र या घराण्याहून हॅलिडे आणि ब्राझील हे दोन इंग्रज अधिक कामाचे वाटतील. १९६७ साली हॅलिडेने वक्त्यापुढील तीन निर्णय वेगळे करून दाखविले. बोलण्याचे तुकडे कोठे पाडावेत, तुकड्यातील प्रमुख आघात कोणत्या शब्दावर ठेवावा, आणि तेथे सूर कोणत्या दिशेने न्यावा. डेव्हिड ब्राझील याने बर्मिंगहॅम येथे सत्तरच्या दशकात या तिसऱ्या निर्णयातून भावनांची यादी बाजूला सारली व साधा प्रश्न विचारला: वक्ता जे सांगतो आहे ते श्रोत्यास नवे म्हणून सांगतो आहे, की दोघांच्या सामाईक माहितीतले म्हणून? नवे असेल तर सूर उतरतो, सामाईक असेल तर उतरून चढतो. यात सर्व काही बसते असे नाही, पण मराठीतल्या 'तर' आणि 'ना' यांचे कार्य ज्याला कळते त्याला ब्राझील समजण्यास अडचण पडू नये.

आपल्या देशातील कामाची नोंद घेताना डॉ. अशोक केळकर यांचे नाव प्रथम येते. मराठी माणसाच्या इंग्रजीवर त्यांनी १९५७ साली 'वर्ड' या अमेरिकन नियतकालिकात निबंध लिहिला, आणि वर्गात केवळ थट्टेचा विषय असलेली ही इंग्रजी शास्त्रीय अभ्यासाच्या कक्षेत आणली. पुढच्याच वर्षी हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. तिचे संचालकपद पुढे ज्यांच्याकडे आले ते विनायक कृष्ण गोकाक त्यापूर्वी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते, ही गोष्ट कानडी साहित्याचे चाहते जाणतात, इंग्रजीचे शिक्षक सहसा विसरतात. याच संस्थेतील रा. कृ. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांची इंग्रजी इतरांना कितपत कळते हे मोजून पाहिले, आणि न कळण्याच्या कारणांत चुकीच्या जागी पडणारा आघात हे कारण ठळक असल्याचे दाखवून दिले. सुरांच्या दिशेपेक्षा आघाताची जागा महत्त्वाची, हा निष्कर्ष जेनिफर जेन्किन्स हिने २००० साली वेगळ्या वाटेने जाऊन काढला; परस्परांशी इंग्रजीत बोलणाऱ्या नाना देशींच्या लोकांस परस्परांचे बोलणे कळावे यासाठी जे किमान लागते त्यात तिने प्रमुख आघात ठेवला आणि सुराचा चढउतार वगळला.

परंतु या विषयाचा कोल्हापूर प्रांताशी सर्वांत जवळचा संबंध जॉन गम्पर्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञामुळे जुळतो. सांगली-मिरजेलगतच्या कुपवाड गावी मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या भाषा शतकानुशतकांच्या सहवासाने कशा एकमेकींच्या साच्यात बसल्या आहेत, शब्द ज्याचे त्याचे राहिले तरी वाक्याची ठेवण कशी एक झाली आहे, हे त्याने रॉबर्ट विल्सनसह १९७१ साली मांडले. भाषासंपर्काच्या अभ्यासात कुपवाडचे नाव त्यामुळे जगभर घेतले जाते. याच गम्पर्झने पुढे लंडनच्या विमानतळावरील एका उपाहारगृहाचा मामला अभ्यासला. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आहेत अशी कैफियत वरिष्ठांकडे आली होती. जेवण वाढताना इंग्रज बाई 'ग्रेव्ही' हा शब्द चढत्या सुरात विचारी, म्हणजे 'वाढू का' असा त्याचा अर्थ होई. या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात उच्चारीत, आणि ऐकणाऱ्यास 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असे ऐकू येई. दोन्ही प्रकारचे आवाज ध्वनिफितीवर ऐकविल्यावर त्या स्त्रियांना आपल्याशी लोक तुसडेपणाने का वागतात याचा खुलासा झाला. कुपवाडचे शेजारी आणि लंडनच्या या स्त्रिया यांत आम्हांला एकच प्रक्रिया दिसते, शब्द दुसऱ्याचे आणि चौकट आपली. फरक एवढाच की कुपवाडात चौकट सर्वांचीच एक झाली होती, म्हणून तेथे कोणाचा अपमान होत नसे.

आज हा प्रश्न केवळ विलायतेस जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील ओतशाळांचे तरुण व्यवस्थापक परदेशी ग्राहकाशी दूरध्वनीवर आणि पडद्यावर बोलतात, आणि 'वुई हॅव शिप्ड द सेकंड लॉट, नॉट द फर्स्ट लॉट' असे सांगताना शेवटच्या 'लॉट'वर सारा भर देतात. इंग्रजी कानाची अपेक्षा 'फर्स्ट'वर भर यावा अशी असते, कारण 'लॉट' हा शब्द जुना झाला आणि विरोध 'सेकंड' व 'फर्स्ट' यांत आहे. ती अपेक्षा पुरी झाली नाही की ग्राहक वाक्य पुन्हा विचारतो, आणि आपल्या माणसास वाटते की याला आपले उच्चारच कळत नाहीत. तो मग तेच वाक्य, तसेच, अधिक मोठ्याने म्हणतो. अभियांत्रिकीच्या मुलाखतीला बसलेल्या हुशार मुलाची गतही निराळी नसते. प्रत्येक शब्दाला सारखाच मान दिल्यामुळे महत्त्वाचे काय हे शोधण्याचे काम तो परीक्षकावर टाकतो, आणि परीक्षकाला तेवढी सवड नसते.

तेव्हा पुस्तकाची तजवीज या गरजेप्रमाणे केली आहे. हॅलिडेच्या तीन निर्णयांपैकी पहिले दोन, म्हणजे तुकडे पाडणे आणि प्रमुख आघाताची जागा ठरविणे, यांना पुस्तकाचा फार मोठा भाग दिला असून सुराच्या दिशेस थोडकी जागा दिली आहे, आणि तीतही उतरता, चढता व उतरून चढता या तीनच सुरांचा विचार आहे. दहा सुरावलींची अपेक्षा करून आलेल्या वाचकाची येथे निराशा होईल. प्रत्येक ठिकाणी मराठी वाक्यापासून आरंभ केला आहे, आणि शक्य तेथे ते आमच्या भागातल्या बोलण्यातले घेतले आहे. 'च', 'ही', 'तर', 'ना', 'म्हणे' आणि अर्थातच 'की' यांचे काम इंग्रजीत कोण करते हा प्रश्न विचारीत विचारीत पुढे जावयाचे आहे. इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत, कारण रोमन लिपी दिसताच आमचा वाचक पुन्हा डोळ्यांनी वाचू लागतो असा आमचा समज आहे. काही विद्वानांना हे पटणार नाही.

इंग्लंडातील उच्चभ्रूंच्या उच्चाराची नक्कल करावी असा या पुस्तकाचा कोठेही आग्रह नाही. ते उच्चार त्यांच्या देशातही थोड्यांचेच आहेत. बेलफास्टकडील माणूस साधे निवेदनही चढत्या सुरात करतो, ऑस्ट्रेलियातील तरुण पिढीचीही तीच ख्याती आहे, आणि त्यांना कोणी इंग्रजी येत नाही असे म्हणत नाही. मराठी वळणाची इंग्रजी मराठी वळणाचीच राहावी, फक्त तिच्यातला आघात अर्थाच्या जागी पडावा, इतकीच अपेक्षा आहे. म्हणून कवितावाचन, नाट्यपठण आणि बातम्या वाचण्याची विशिष्ट ढब हे भाग हेतुतः वगळले आहेत.

वाचकास एक सूचना करावीशी वाटते. प्राट नावाची संगणकप्रणाली ॲम्स्टरडॅमच्या दोन अभ्यासकांनी तयार करून विनामूल्य खुली केली आहे; तिच्यात आपला आवाज भरला असता सुराची रेषा पडद्यावर उमटते, आणि डॅनियल जोन्सला ध्वनिमुद्रिकेची सुई पुनःपुन्हा उचलून जे काम करावे लागले ते क्षणार्धात होते. पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी प्रत्येकाने 'आलास' आणि 'आलास?' हे दोन शब्द आपल्या आवाजात भरून त्यांच्या रेषा एकमेकींखाली ठेवून पाहाव्यात, आणि त्यानंतर 'सॉरी' हा शब्द दोनदा भरावा, एकदा क्षमा मागण्यासाठी आणि एकदा समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही म्हणून. पुढील प्रकरणांतील आकृत्या याच रीतीने काढलेल्या असून, त्यांच्याशी आपल्या रेषांची रुजवात घालणे हे वाचकाचे काम आहे.